चंगेज म्हणजे समुद्र, लोहार की विश्वसम्राट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीने शाळेच्या प्रकल्पात 'चंगेज म्हणजे समुद्र' असं लिहिलं, शिक्षकांनी ते खोडून 'लोहार' करायला सांगितलं, आणि घरातल्या एका पुस्तकात 'विश्वसम्राट' निघालं. यातलं खरं काय, आणि नावापुढे 'खान' आहे म्हणजे तो मुसलमान होता का? मी मध्ययुगीन फारसी इतिहासग्रंथ वाचतो आणि शिकवतो. मंगोल काळ हा त्यातला माझा मुख्य विषय, त्यापायी जुनी मंगोल लिपीही शिकलो. हा प्रश्न विद्यार्थी या ना त्या रूपात विचारतच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खानचं आधी उरकून घेऊ. 'खान' ही स्टेपच्या गवताळ प्रदेशातली राजाची पदवी आहे आणि ती तिथल्या लोकांचा इस्लामशी संबंध येण्याच्या कितीतरी आधीची आहे. चंगेज मुसलमान नव्हता. तो तेंग्री म्हणजे आकाशदेवाला मानणारा होता. पुढे त्याच्या वंशातल्या पश्चिमेकडच्या शाखांनी इस्लाम स्वीकारला, पदवी तशीच राहिली, आणि आपल्याकडे ती मुसलमान सरदारांबरोबर आली म्हणून आपल्या कानाला ती मुसलमानी वाटते. 'बहादूर'चंही तसंच. मूळ शब्द बगातुर, मंगोल उच्चारात बाआतुर. चंगेजच्या वडिलांचं नाव येसुगेई बाआतुर होतं. तोच शब्द फारसीतून इकडे आला आणि बाजीराव-मस्तानीच्या मुलाच्या नावात, समशेर बहादूरमध्ये, येऊन बसला.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या घरात सापडलेली तीन उत्तरं ही मुळात तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. जन्मनावाचा अर्थ काय, हा एक प्रश्न. पुढे घेतलेली पदवी कुठून आली, हा दुसरा. आणि त्या पदवीतून त्या काळच्या लोकांनी काय समजून घेतलं, हा तिसरा. हे तिन्ही एकाच खणात टाकले की शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही थोडे बरोबर आणि थोडे चूक ठरतात.

जन्मनाव होतं तेमुजिन. शिक्षकांचा 'लोहार' इथून येतो. 'तेमुर' म्हणजे लोखंड, हे तुर्की आणि मंगोल दोन्हींत आहे. आपल्या ओळखीचा तैमूर तोच शब्द. त्याला धंदा दाखवणारा प्रत्यय लागला की लोखंडाचं काम करणारा. आजच्या तुर्कीतही लोहाराला 'देमिर्जी' म्हणतात. तेमुजिनमधला 'र' गळलेला आहे, पण त्याचा धाकटा भाऊ तेमुगे आणि बहीण तेमुलुन यांच्या नावांतही तो तसाच गळलेला आहे, त्यामुळे या व्युत्पत्तीवर फारसा वाद नाही.

मात्र शब्दाचा अर्थ 'लोहार' असणं आणि आईवडिलांनी लोहार या अर्थाने नाव ठेवणं यांत फरक आहे. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' हा १३व्या शतकातला मंगोल ग्रंथ याची हकिकत स्पष्ट सांगतो. येसुगेई तातारांशी लढून परतला तेव्हा त्याने तेमुजिन उगे नावाचा एक तातार सरदार पकडून आणला होता. त्याच वेळी ओनोन नदीकाठी देलिउन बोल्दक इथे त्याची बायको होएलुन हिला मुलगा झाला. उजव्या मुठीत रक्ताची गुठळी घेऊन तो जन्मला, आणि ती गुठळी खेळायच्या घोट्याच्या हाडाएवढी होती, असं ग्रंथ म्हणतो. तेमुजिन उगेला आणलं त्या वेळी जन्मला म्हणून नाव तेमुजिन. म्हणजे नाव एका पराभूत शत्रूचं आहे. त्या शत्रूच्या आईवडिलांनी ते का ठेवलं होतं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आपल्याकडचा धोंडू आठवा. धोंडू म्हणजे दगड हे कोशाला विचारलं तर बरोबरच, पण आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी हे नाव ठेवलं, हे कोश सांगत नाही. मंगोलियातही अशी नावं आहेत. 'नेरगुई' म्हणजे बिननावाचा, 'एनेबिश' म्हणजे हा नव्हे. दुष्ट शक्तींनी मुलाकडे वळून पाहू नये यासाठी ठेवलेली. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की नावातला शब्द कुठला आणि नाव का ठेवलं हे दोन वेगळे कागद ठेवा.

काही जण म्हणतात की तेमुजिन, तेमुगे, तेमुलुन अशी तीन लोखंडी नावं एका घरात आहेत, म्हणजे हे लोहारांचं घराणं. मला हे पटत नाही. तेमुगे आणि तेमुलुन दोघंही तेमुजिनपेक्षा लहान, आणि मधल्या दोन भावांची नावं, कसार आणि काचिउन, यांत लोखंडाचा मागमूस नाही. थोरल्याच्या नावावरून शेवटच्या दोघांची नावं ठेवली, इतकंच त्यावरून म्हणता येतं. तरीही लोहाराची गोष्ट फार जुनी आहे. फ्रान्सच्या राजाचं पत्र घेऊन १२५३ ते १२५५ मध्ये मंगोलांकडे जाऊन आलेला रुब्रुकचा विल्यम हा ख्रिस्ती साधू चंगेज धंद्याने लोहार होता असंच लिहितो. चंगेजला जाऊन तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. नावाच्या अर्थावरून माणसाचं चरित्र कसं तयार होतं, याचं हे मला सापडलेलं सर्वांत नितळ उदाहरण आहे.

आता चंगेज, किंवा मंगोल उच्चाराप्रमाणे चिंगीस. हे जन्मनाव नाही. १२०६ मध्ये ओनोनच्या उगमाजवळ भरलेल्या कुरुलताईत, म्हणजे टोळीप्रमुखांच्या सभेत, तेमुजिनला सगळ्या मंगोलांचा चिंगीस खान म्हणून मान्यता मिळाली. गुप्त इतिहासात त्याच्याही आधी, नातलगांनी त्याला पुढारी निवडलं तेव्हाच, हे नाव येतं. नेमकं कधीपासून वापरात आलं यावर मतं वेगळी आहेत, पण तो बिरुद म्हणून घेतलेला शब्द होता याबद्दल कोणाचं दुमत नाही. आणि इथेच अडचण सुरू होते, कारण ही पदवी त्याच्या आधी कोणी घेतलेली दिसत नाही आणि त्याच्या मुलानातवंडांपैकी कोणी पुढे चालवली नाही. गुरखान, काआन, ओंग खान या पदव्या अनेकांनी वापरल्या, त्यामुळे त्यांची तुलना करता येते. ओंग हा तर चिनी 'वांग', म्हणजे राजा. उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या चिन घराण्याने ती पदवी तेमुजिनच्या आश्रयदात्या तोगरुलला दिल्याची नोंद आहे. चिंगीसला असं शेजारीपाजारी कोणी नाही.

अशा वेळी मी प्रत्येक साक्षीदार वेगळ्या चिठ्ठीवर लिहितो: कोण, केव्हा, कोणत्या भाषेत, कोणासाठी. मग चिठ्ठ्या काळाप्रमाणे लावतो. इथे त्या लावल्या की चित्र असं दिसतं.

सर्वांत जुन्यांपैकी एक साक्षीदार दगड आहे. चंगेजचा पुतण्या यिसुंगे याने ३३५ अल्द, म्हणजे तितके वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी), अंतरावर बाण मारला, त्याची आठवण म्हणून सुमारे १२२५ मध्ये कोरलेला. उइघुर लिपीत उभ्या पाच ओळी आहेत, आणि पहिलेच शब्द 'चिंगीस खान'. या लिपीत 'त' आणि 'द' एकाच अक्षराने लिहितात आणि तिथे वाचणाऱ्याची त्रेधा उडते, पण 'च'ला स्वतंत्र अक्षर आहे. म्हणजे त्याच्या हयातीत किंवा हयातीच्या अगदी जवळ नावाची सुरुवात 'च'ने होत होती, हे पक्कं. हा मुद्दा समुद्रापाशी पुन्हा लागेल.

दुसरा साक्षीदार चीनमधल्या दक्षिण सुंग घराण्याचा वकील चाओ हुंग. १२२१ मध्ये तो उत्तरेत जाऊन आला आणि त्याने लिहिलं की चिंगीस हा 'आकाशाने दिलेला' या चिनी शब्दांचा अनुवाद आहे. भाषेच्या दृष्टीने हे जुळत नाही. पण त्याला तिथे कोणीतरी हे सांगितलं असणार, आणि ते महत्त्वाचं आहे. जुवैनी आणि रशीदुद्दीन हे दोघे फारसी इतिहासकार सांगतात की कोकोचू ऊर्फ तेब तेंग्री या शमनाने, आकाशाशी बोलणाऱ्या भगताने, ही पदवी दिली. चिनी वकिलाच्या कानावर पडलेलं 'आकाशाने दिलेला' हे बहुधा पदवी कशी मिळाली याचं वर्णन आहे, आणि त्याने तो शब्दाचा अर्थ समजून टिपून घेतला.

तिसरा रशीदुद्दीन. इराणच्या मंगोल दरबारातला वजीर, ग्रंथ १४व्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्याजवळ मंगोल बोलणारे जाणते लोक होते. तो म्हणतो की 'चिंग' म्हणजे मजबूत, कणखर, आणि चिंगीस हे त्याचं अनेकवचन. पुढे तो याची तुलना गुरखानशी करतो, की अर्थ तोच, फक्त अधिक जोरकस. गुरखान म्हणजे सगळ्यांचा खान. तेमुजिनचा प्रतिस्पर्धी जमुखा याने १२०१ मध्ये हीच पदवी घेतली होती. तुमच्या पुस्तकातला 'विश्वसम्राट' बराचसा या तुलनेतून उतरलेला आहे. तो पदाच्या उंचीचा अर्थ आहे, शब्दाचा नव्हे. अनेकवचनाचं स्पष्टीकरण मात्र मला डळमळीत वाटतं, कारण मंगोलमध्ये 'स' हा अनेकवचनी प्रत्यय साधारणपणे स्वरान्त शब्दांना लागतो.

यानंतरच्या चिठ्ठ्या मी बाजूला ठेवतो. १६६२च्या सगांग सेचेनच्या बखरीत एक पक्षी दगडावर बसून 'चिंगीस, चिंगीस' असा ओरडतो आणि त्यावरून नाव पडतं. गोष्ट सुंदर आहे, पण साडेचारशे वर्षांनंतरची. मूळ अर्थ तोवर कोणालाच सांगता येत नव्हता, इतकंच ती सिद्ध करते.

लक्षात आलं असेल की या जुन्या साक्षीदारांपैकी समुद्राचं नाव कोणीच काढत नाही. समुद्र आला १९२३ मध्ये. पॉल पेलियो या फ्रेंच पंडिताने (मंगोल अभ्यासात त्याच्या तोडीची माणसं थोडी) असं सुचवलं की चिंगीस हे तुर्की 'तेंगिझ'चं मंगोल रूप असावं. तेंगिझ म्हणजे समुद्र किंवा मोठं सरोवर. मग चिंगीस खान म्हणजे सागरासारखा, ज्याच्या सत्तेला किनारा नाही असा राजा. यासाठी त्याच्याकडे भक्कम समांतर उदाहरण होतं. १२४६ मध्ये चंगेजचा नातू ग्युयुक याने पोपला धाडलेलं पत्र व्हॅटिकनमध्ये जपलेलं आहे. त्यावरच्या शिक्क्यात ग्युयुकला 'दलाई-यिन खान', म्हणजे सागराचा खान, म्हटलेलं आहे. १५७८ मध्ये अल्तन खानाने तिबेटी गुरूला दिलेल्या 'दलाई लामा' या पदवीतला दलाई तोच. तुर्की कानाला तर हे लगेच पटतं, कारण आज तिकडे जेंगिझ आणि देनिझ ही दोन्ही नावं सर्रास ठेवतात आणि देनिझ म्हणजे समुद्र.

'त'चा 'च' कसा झाला? यालाही आधार आहे, आणि तो चंगेजच्या घरातच आहे. धाकटा भाऊ तेमुगे याचं बिरुद 'ओत्चिगिन', म्हणजे चुलीचा, अग्नीचा राजपुत्र. हे तुर्की 'ओत' आणि 'तिगिन' यांपासून बनलेलं. तिगिनचा चिगिन होऊ शकतो, तर तेंगिझचा चिंगीस का नाही?

हा युक्तिवाद मी कधीच हसण्यावारी नेत नाही. पण मला अडवते ती गुप्त इतिहासातली एक जागा. पळून गेलेल्या, मेरकित या शत्रू टोळीच्या राजपुत्रांच्या मागे चंगेज आपला सेनापती सुबेएतेई याला पाठवतो. निरोप देताना तो म्हणतो की ते पंख फुटून आकाशात उडाले तर तू ससाणा होऊन त्यांना पकड, मार्मोट (बिळात राहणारी मोठी खार) होऊन जमिनीत शिरले तर पहार होऊन खणून काढ, मासे होऊन समुद्रात गेले तर जाळं होऊन गाळून काढ. इथे समुद्राला शब्द आहे 'तेंगिस', 'त'सकट. त्याच ग्रंथाच्या अगदी पहिल्या वाक्यात मंगोलांचे आदिपूर्वज जे पाणी ओलांडून आले तेही तेंगिस. म्हणजे ग्रंथकर्त्याच्या भाषेत समुद्राला तेंगिस आणि राजाला चिंगीस असे दोन शब्द शेजारी शेजारी नांदत होते, आणि शब्दांशी खेळायची इतकी हौस असलेल्या त्या ग्रंथकर्त्याने खुद्द चिंगीसच्या तोंडी तेंगिस घालूनही दोघांची गाठ कुठे बांधलेली नाही.

दुसरी अडचण खुद्द पोपच्या पत्रात आहे. पत्राची भाषा फारसी, पण वरचा मायना तुर्की. तिथे सागराला तेंगिझ न वापरता 'तलुई' वापरलं आहे, म्हणजे दलाईचंच तुर्की रूप. मंगोल दरबाराला 'सागरसम्राट' म्हणायचं होतं तेव्हा तुर्कीत लिहितानाही त्यांना तेंगिझ सुचला नाही. चिंगीसचा अर्थ त्यांच्या मनात सागर असता, तर आजोबांची पदवी तिथे काही ना काही प्रकारे डोकावली असती असं मला वाटतं. हा पक्का पुरावा नव्हे, फक्त माझा कौल त्यामुळे दुसरीकडे झुकतो. आणि पेलियोच्या बाजूने एक उत्तर उरतंच: एकच तुर्की शब्द दोन वेगळ्या काळांत दोनदा उसना घेतला गेला असेल, एकदा 'च'ने आणि एकदा 'त'ने. भाषांमध्ये असं घडतं.

दुसरीकडे म्हणजे कुठे? इगोर द राखेविल्ट्झ या अभ्यासकाने, ज्याने पुढे गुप्त इतिहासाचं मोठं सटीप भाषांतर केलं, १९८९ मध्ये हा सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि 'कठोर, उग्र' अशा अर्थाच्या तुर्की शब्दाकडे बोट दाखवलं. म्हणजे चिंगीस खान हा कठोर किंवा उग्र राजा. यात ध्वनीची ओढाताण नाही, आणि रशीदुद्दीनने सांगितलेल्या 'मजबूत, कणखर'शी ते जुळतं. व्याकरणात रशीदुद्दीन घसरला असेल, पण दरबारातल्या मंगोलांच्या कानात तो शब्द कसा वाजत होता ते त्याने बरोबर टिपलं असावं. या मताची कमजोर बाजू अशी की तो तुर्की शब्द जुन्या लेखनात विरळ सापडतो. तरी आज मला कोणी मत विचारलं तर मी इकडे उभा राहतो.

इथवरचं थोडक्यात: तेमुजिन हे जन्मनाव, शब्द लोखंडाचा, नाव मात्र पकडलेल्या शत्रूवरून. चिंगीस ही पदवी, बहुधा 'कठोर, उग्र'. 'सागर' ही विसाव्या शतकातली, वजनदार पण सिद्ध न झालेली कल्पना. 'विश्वसम्राट' हा त्या पदाचा आवाका.

तेव्हा मुलीच्या वहीत मी असं लिहायला सांगेन: 'त्याचं मूळ नाव तेमुजिन, ते लोखंड या अर्थाच्या शब्दापासून आलं आहे. चंगेज ही त्याची पदवी. तिच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, काही कठोर म्हणतात, काही सागर.' शिक्षकांना याला हरकत घ्यायचं कारण पडू नये, कारण लोखंडाचा त्यांचा मुद्दा यात आलाच आहे. मुलीने शोधलेला समुद्रही राहतो. प्रकल्पात जागा असेल तर मुठीतल्या गुठळीची आणि तातार कैद्याची गोष्ट तिला जरूर लिहू द्या. नावाबद्दलची तीच एक हकिकत त्याच्या काळाजवळच्या त्याच्या स्वतःच्या लोकांनी सांगितलेली आहे.

राहिलं लेखन. तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे ती विचारेलच की मराठीत चंगेज, इंग्रजीत गेंघिस आणि मंगोलियात चिंगीस असं का. दोष बराचसा फारसी लिपीकडे जातो. तिच्यात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे पहिल्या अक्षरावर 'चि' वाचायचं की 'च' हे ज्याने त्याने ठरवायचं; इराणात आणि हिंदुस्थानात 'चंग' रुळलं. पुढचा दीर्घ स्वर 'ई' किंवा 'ए' दोन्ही वाचता येतो, हिंदुस्थानी फारसीत तो 'ए' झाला, आणि झालं चंगेज. शिवाय 'च'ला तीन नुक्ते (ठिपके) आणि 'ज'ला एक, पण जुन्या हस्तलिखितांत लेखनिक 'च'लाही एकच नुक्ता देऊन मोकळे होतात, आणि अरबीत तर 'च' नाहीच. त्यामुळे 'ज'ने सुरू होणारी रूपं पश्चिमेकडे गेली आणि तिथे 'गे' झाली. मराठीत चंगेज इतका रुळलेला आहे की शाळेच्या प्रकल्पात तोच ठेवा. मंगोल उच्चार द्यायचा असेल तर पहिल्यांदा नाव येईल तिथे कंसात चिंगीस लिहा. 'चंगेझ', 'चेंगीज', 'चंगीझ' अशी सरमिसळ मात्र एकाच वहीत होऊ देऊ नका.

मुलीला या विषयात रस वाटतोय असं दिसतं, तर तिला आणखी एक नाव शोधायला द्या. याच चंगेजने १२२१ मध्ये सिंधू नदीपर्यंत ज्याचा पाठलाग केला, त्या मध्य आशियातल्या ख्वारज्मच्या सुलतान जलालुद्दीनचं तुर्की नाव. नाण्यांवर ते फक्त व्यंजनांत आहे: म-न-क-ब-र-न-ई असं काहीसं. कोणी ते मिंगबुर्नू वाचतं, कोणी मंगबुर्नी. काही म्हणतात अर्थ 'नाकावर तीळ असलेला', काही म्हणतात 'चिरंतन देवाने दिलेला'. तिथेही तिला आधी साक्षीदारांच्या चिठ्ठ्या काळाप्रमाणे लावायला सांगा, आणि तिने काय ठरवलं ते इथे जरूर कळवा. मी वाचेन.